ढेपवाल्याची घोडी

बाबूजी, आपली घोडी पहिली आली. परवा, जनावरांच्या प्रदर्शनात, वर्ध्याच्या त्याच मैदानावर. तुम्ही लगेच मान तिरपी करून "कितीजनीत?" असं विचाराल, म्हणून आधीच सांगून टाकते, नऊजणींत. त्यातल्या दोघी लग्नसराईत वाजंत्र्यांपुढे उभ्या राहून राहून कंटाळलेल्या होत्या आणि एकीचं वय झालं होतं, हेही मान्य. तरी पहिली ती पहिलीच, आणि त्या सहा तरण्या घोड्यांमध्ये तुमच्या तांबडीची पणती अशी उभी होती की बाया लांबून बोट दाखवत होत्या. बक्षिसाचा कप दुकानात ठेवला आहे, तुमच्या फोटोच्या खाली, डाळीच्या चुनीच्या पोत्यावर. तुमचे जावई म्हणाले, पोत्यावर कशाला, कपाट आहे की घरात. मी म्हटलं, असू द्या तिथंच, गिऱ्हाईकाला दिसतो.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि फोटोशी बोलणाऱ्यांतलीही मी नाही, तुम्हाला माहीतच आहे. आज लिहिते, कारण मी ही घोडी नुसती मिरवायला नेली नव्हती. मिरवायची हौस होती, खोटं कशाला सांगू, पण नेली ती तुमच्या नावासाठी. अडतीस वर्षं झाली, सिंदीत अजून एक बोलणं चालतं, की ढेपवाल्यानं सोताच्याच घोडीले ढेप चारली. तुम्ही, मी आणि माय, एवढ्या तिघांनाच खरं माहीत होतं, आणि आता तिघांतली मी एकटी उरले आहे. ती ढेप मी चारली होती. ज्या मैदानावर आपली तांबडी त्या वर्षी पोचली नाही, तिथं तिच्या पणतीला उभं करायचं आणि चार लोकांत हे सांगून मोकळं व्हायचं, असं मी दोन वर्षांपासून ठरवून बसले होते.

ढेपेवर तर आपलं घर उभं आहे. सिंदीचा कापूस, त्या कापसाची सरकी, सरकीचं तेल काढलं की मागे उरते ती ढेप, आणि ती ढेप विकून तुम्ही आम्हाला वाढवलं. पण लोक दुकानात नुसती ढेप घ्यायला येत नव्हते, तुम्हाला विचारायला येत होते. दुकानापुढचं ते सागवानी बाकडं पोळ्याच्या दोन महिने आधीपासून भरलेलं असायचं. कुणाचा बैल हाडकुळा, कुणाची गाय दूध चोरते, कुणाची म्हैस खात नाही. तुम्ही एका हातानं ढेप मोजत, दुसऱ्या हातानं कान खाजवत सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि मग असं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटायचं, हे तर आपल्यालाच सुचलं होतं. शाळेतून आले की मी पोत्यांच्या थप्पीवर चढून बसायची आणि ते ऐकत राहायची. इतर पोरी गाणी पाठ करायच्या, मला कोणत्या जनावराला कधी काय द्यायचं ते पाठ होतं.

आणि मागच्या अंगणात तांबडी. ढेपवाल्याला घोडी कशाला पाहिजे, हा प्रश्न मायनं तुम्हाला किती वेळा विचारला असेल! टांगा नाही, वरात नाही, शर्यत नाही. तुम्ही म्हणायचे, "लोकं विडी पिते, मी घोडी पाळतो." हिवाळा लागला की तिच्यासाठी जवस शिजायचा. मागच्या चुलीवर तो मोठा गंज चढवायचा, जवसाच्या चौपट पाणी, आणि दाणा फुटून सगळं बुळबुळीत होईपर्यंत ढवळत बसायचं. ढवळायचं काम माझं. कच्चा जवस पोटात गेला नाही पाहिजे, हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत की मी अजून झोपेतही सांगू शकेन. माय पदरानं नाक दाबून म्हणायची, "घरच्या मानसाइच्या केसाले तेल भेटत नाई, अन् घोडीले जवस शिजून राह्यला." असं म्हणायची आणि तुमची पाठ वळली की त्याच गंजातली चिकट साय बोटांवर घेऊन माझ्या केसांना लावायची. शाळेत बाई विचारायच्या, केस एवढे कसे चमकतात गं? मी कसं सांगणार की घोडी आणि मी एकाच गंजातल्या!

तुमचं शास्त्र साधं होतं. "चमक खराऱ्यानं येत नाई, पोटातून येते. खरारा फक्त थे दाखवते." असं म्हणून तुम्ही तिच्या बरगडीवरून तळवा फिरवायचे. बरगडी डोळ्यांना दिसू नये, पण हाताला लागली पाहिजे, ही तुमची कसोटी. आधी गवत, मग बाकीचं. चना रात्रभर भिजलेला, गव्हाचा कोंडा ओलसर, त्यात मूठभर शिजलेला जवस. नवीन काही द्यायचं तर आठ दिवसांत एक मूठ वाढवायची, त्यापेक्षा घाई नाही. आणि ढेप कधीच नाही. कुणी विचारलं, शेठजी, घरचीच ढेप आहे, घोडीले काऊन नाही देत, तर तुमचं ठरलेलं उत्तर, "बैल पयले खाते, मंग बसून रवंथ करते. घोडीले परत चावता येत नाई. एकदा गेलं थे गेलं." हे वाक्य मी पोत्यावर बसून शंभर वेळा ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही.

त्या वर्षी मी सतरा वर्षांची. प्रदर्शन जानेवारीत होतं आणि तुम्ही दसऱ्यापासून तिच्यामागे लागला होता. तिचं माप काढायचं काम फक्त तुमचं. मी जवस शिजवायची, खरारा करायची आणि दुपारचा तोबरा तुम्ही भरून दिला की तिच्या तोंडाला बांधायची. आठ दिवस उरले होते. मला वाटत होतं घोडी अजून हवी तशी चमकत नाही. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणाला, "येईन. तिच्या येळेवर येईन." आणि त्याच आठवड्यात सेलूकडचा एक शेतकरी दुकानापुढे बैलजोडी घेऊन आला. काय सांगू बाबूजी, त्या बैलांच्या पाठीवर माशी बसली तरी घसरून पडेल अशी कातडी! मी विचारलं, काका, काय चारता? तो हसला, "तुह्या बापाचीच ढेप, बाई. दुसरं काय?" झालं. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की सगळ्या पंचक्रोशीचे बैल आपल्या दुकानाच्या ढेपेवर चमकतात आणि आपली घोडी तेवढी कोरडी राहते. तुमचं रवंथाचं वाक्य कुठं गेलं कोण जाणे.

पहिल्या दिवशी मी मूठभर ढेप चुरून तोबऱ्यात मिसळली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन मुठी. घोडीनं आनंदानं खाल्ली, मला वाटलं तिला तर हवंच आहे. तिसऱ्या दिवशी दुकानात कापसाच्या गाड्यांची गर्दी, तुम्ही पुढे गुंतलेले. मी तुम्ही भरलेला तोबरा अर्धा ओतून टाकते आणि वरपर्यंत ढेप भरते. भिजवायलाही थांबत नाही, कोरडीच. बांधते आणि वेणी घालायला घरात जाते. परत येते तेव्हा तोबरा रिकामा होऊन खाली पडला आहे, घोडी पाणी पिऊन आली आहे आणि मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघते आहे. मला अजून कळत नाही. मग ती पुढच्या पायानं माती उकरते, घाम फुटतो तिला, जानेवारीत, आणि ती धपकन खाली बसून लोळायला लागते. मी तुम्हाला हाक मारली नाही. मी नुसती किंचाळले.

पुढचं सगळं गर्दीत झालं. तुम्ही तिला ओढून उठवलं आणि अंगणात गोल गोल फिरवायला लागलात, बसू द्यायचं नाही म्हणून. डॉक्टर सायकल टाकून आले, नाकातून नळी घातली, तेल सोडलं. भिंतीवरून अर्धी सिंदी बघत होती. वरातीच्या घोड्या ठेवणारे काका, जे तेव्हा तरणेबांड होते आणि तुमच्या तांबडीवर ज्यांचा डोळा होता, ते तर आत येऊन लगाम धरून उभे. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं हिनं?" मी तोंड उघडलं, देवाशप्पथ उघडलं होतं. तुम्ही तोबरा उलटा केला, त्यातून ढेपेचा चुरा पडला. तुम्ही त्या चुऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग डॉक्टरांकडे बघून म्हणाला, "मीच ढेप घातली."

काकांचा विश्वास बसेना. "तुमी? अन् ढेप?"

"हो. चमक पाह्यजे होती. बुद्धी फिरली माही."

मी आयुष्यात तुम्हाला खोटं बोलताना तेवढंच एकदा ऐकलं. संध्याकाळपर्यंत घोडी चालत राहिली आणि दिवेलागणीला तिनं लीद टाकली, तेव्हा डॉक्टर म्हणाले वाचली. लीद पाहून मायनं हात जोडले. ते पाहून मला तेव्हाही हसू येत होतं आणि रडूही. प्रदर्शन मात्र गेलं. घोडीचं पोट आत गेलेलं, डोळे विझलेले, अंगावरची सगळी चमक एका दुपारीत उतरलेली. तीन महिन्यांचं काम होतं ते.

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात जात्याजवळ बसले होते. तुम्ही आत आलात, पाणी प्यायलात, तांब्या जागेवर ठेवलात. मी वाट बघत होते की आता हात उठेल. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणाला, "घोडीले बोलता येत नाई. तुले येते. विचारलं काऊन नाई?" बस. एवढंच. मार बसला असता तर चार दिवसांत विसरले असते, हे मात्र आजतागायत विसरले नाही. दुकानात कुणी नवीन माणूस ठेवला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच सांगते, विचार, हजार वेळा विचार, मी चिडणार नाही. आणि मग चिडते, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं होतं मला अंगणातही जाऊ देणार नाही तुम्ही. तुम्ही खरारा आणि तोबरा दोन्ही माझ्या हातात दिलं. "आजपासून हिचं खानं तुह्याकडे. माप तूच काढ." माय ओरडली, "डोकं ठिकानावर हाये का तुमचं? जिनं मारली असती तिच्याच हाती?" तुम्ही म्हणाला, "आता तिच्याइतकं सांभाळून कोनी नाई देनार." बाबूजी, मला शाळेत बक्षिसं मिळाली, लग्नात दागिने मिळाले, पण कुणी काही दिलं असं जर म्हणायचं झालं तर ते त्या सकाळी.

आणि तुम्ही काय गमावलं ते मी पोत्यांवर बसूनच बघितलं. त्या पोळ्याला बाकडं रिकामं होतं. लोक यायचे, ढेप घ्यायचे आणि निघून जायचे, विचारायचं कुणी नाही. जो स्वतःच्या घोडीला सांभाळू शकला नाही तो आपल्याला काय सांगणार! कुणी तर ढेपेवरच संशय घेतला. एक माणूस पोतं परत घेऊन आला तेव्हा तुम्ही त्याच्यासमोर ढेपेचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि कराकरा चावून गिळलात. "मी मेलो त परत कर," तुम्ही म्हणालात. तो खजील होऊन गेला आणि सगळं दुकान हसलं, तुम्हीही हसलात. पण मी बघत होते, हसून झाल्यावर तुम्ही त्या रिकाम्या बाकड्याकडे बघत होता. मी एकदा म्हटलं, मी सांगून टाकते लोकांना. तुम्ही मान हलवली. "मानूस चुकला त लोकं विसरते. पोरगी चुकली त तिले गोठ्यातच येऊ देत नाई." तेवढा तुमचा अंदाज चुकला. लोक विसरले नाहीत. बाकडं हळूहळू परत भरलं, पण ढेपवाल्याच्या घोडीची गोष्ट काही कुणी सोडली नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी सावंगीला संसारात होते, जावयांची तिथं दवाखान्यात नोकरी. तांबडीच्या लेकीला कोण सांभाळणार? ती वरातीवाल्या काकांनी नेली, आणि पुढे त्यांच्याकडेच तिची लेक, तिच्या लेकीची लेक, असं चालत राहिलं. जावई रिटायर झाल्यावर आम्ही सिंदीला आलो आणि मी दुकान परत उघडलं. दोन वर्षांपूर्वी काकांकडे गेले तर ही पणती एका खुंट्याला उभी. काका आता ऐंशीच्या घरात, नवरदेवांना आता मोटारी लागतात, घोडीला काम नाही. कोरड्या कुटारावर, नुसत्या भुशावर उभी होती बिचारी, बरगड्या मोजून घ्याव्या अशा. कपाळावर तोच पांढरा टिळा, तांबडीचाच. काका म्हणाले, "घेऊन जाय बाई, माह्याच्यानं आता होत नाई." मी घेऊन आले.

आता जे सांगते त्यावर तुम्ही वाद घालाल, घाला. मी आल्या आल्या तिला खायला घातलं नाही. आधी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तरणी पोरगी आहे, पण घोडीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालते. तिनं दात बघितले. दाढांच्या कडा इतक्या वाढलेल्या की गालाला आतून जखमा. कानशीनं दात घासले, जंताचं औषध दिलं. बाबूजी, तुम्ही आयुष्यभर घोडीचं पोट बघितलं, तिचे दात कधी बघितले नाहीत. तांबडी म्हातारपणी चना तोंडातून सांडायची तेव्हा तुम्ही म्हणायचे लाडात आली. लाडात नव्हती आली, तिला चावता येत नव्हतं. हे कळलं त्या दिवशी मला वाईट वाटलं आणि, खरं सांगू, थोडा तोराही वाटला, की तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी मला माहीत आहे.

मग तुमच्याच वाटेनं गेले, माझे फाटे फोडत. हरळी आणि लसूणघास पोटभर, कुटार झाडून, धूळ काढून. चना तुम्ही देत होता त्याच्या निम्मा, तीन वेळा थोडा थोडा. मिठाचा खडा गोठ्यात कायमचा टांगलेला. जवस मात्र तुमचाच, तसाच शिजवलेला. गॅसवर शिजत नाही नीट, म्हणून मागे चूल मांडली आणि शेजारची सून विचारायला आली, मावशी, काय जळून राह्यलं? रोज दीड तास खरारा. पहिल्या वर्षी अंग भरलं, पण केस राठच होते. दुसऱ्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आधी, एका सकाळी ती उन्हात उभी राहिली आणि तिच्या पाठीवर मला वडाच्या फांदीची सावली दिसली, आरशात दिसावी तशी. मी तिथंच घमेल्यावर बसले. तुम्ही म्हणाला होता ना, तिच्या वेळेवर येईल.

प्रदर्शनाला आठ दिवस राहिले तेव्हा मात्र मला परत तेच झालं, पंचावन्नाव्या वर्षी. वाटायला लागलं, मानेजवळ अजून थोडं कमी आहे. चहूकडे पोतीच पोती, हात लांब केला की काहीही मिळेल. दुपारी मी तोबरा भरताना चन्याची एक मूठ जास्त घेतली आणि तशीच हातात धरून उभी राहिले. मग परत पोत्यात टाकली. कुणी बघत नव्हतं. मला स्वतःचाच फार अभिमान वाटला, कप मिळाल्यापेक्षा जास्त, असं म्हटलं तरी चालेल.

परवा परीक्षक होते ते पुलगावकडचे एक निवृत्त फौजी, उमर फौजेच्या घोड्यांत गेलेली. बोलायला कमी, हात मोठे. त्यांनी घोडीच्या केसांवरून उलटा हात फिरवला, पापणी खाली ओढून बघितली, मग बरगडीवर तळवा ठेवला आणि थोडं दाबलं. तो हात तुमचाच होता. मला विचारलं, "क्या खिलाते हो बाई? मराठीत सांगा, समजते." मी सगळं सांगितलं, मापासकट. ते म्हणाले, "अन् ढेप? तुमचं त ढेपेचं दुकान आहे म्हणते." मी म्हटलं, "घोडीला परत चावता येत नाही, साहेब." ते पहिल्यांदा हसले. पहिला नंबर पुकारला तेव्हा लगाम माझ्याच हातात होता. मैदानाला एक पूर्ण फेरी मारली मी, पदर खोचून, गुडघा दुखत असताना. लाज वाटायला पाहिजे होती, वाटली नाही.

मग काका आले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. भोवती सिंदीचे पंधरा-वीस तरी लोक होते, माझी गिऱ्हाइकं, त्यांच्या बायका. काका घोडीच्या गळ्यावरून हात फिरवत मोठ्यानं म्हणाले, "तुह्या बापाले जमलं नाई, थे तूनं केलं पोरी. त्यानं ढेप चारून वाट लावली होती, तूनं नाव काढलं."

याच क्षणासाठी तर मी दोन वर्षं घोडी उभी केली होती. मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काका, बाबूजींनी नाही चारली ढेप. मी चारली होती. त्यांनी माझ्यासाठी स्वतःचं नाव सांगितलं." मला वाटलं, झालं, उतरलं एकदाचं.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लोकांकडे वळले. "पाहा. पाहून घ्या, लेक अशी पाह्यजे! बाप जाऊन बावीस साल झाले, अन् अजून त्याची चूक सोताच्या डोक्यावर घेऊन राह्यली." मी म्हटलं, काका, अहो खरंच. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अवं, मी सोता उभा होतो ना तिथं, लगाम धरून. तुह्या बापानं माह्यासमोर सांगतलं. थो मानूस आयुष्यात खोटं बोलला का कधी?"

तुम्ही जन्मभर इतकं खरं बोललात की तुमचं एकच खोटं दगडासारखं पक्कं होऊन बसलं. बायका माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागल्या. एकीनं तर आपल्या लेकीला पुढे ढकललं, आजीच्या पाया पड म्हणून. फौजी साहेबांनीही लांबून मान झुकवली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मी परत सांगू शकले असते. दिवस सांगितला असता, सेलूकडच्या बैलांची गोष्ट सांगितली असती, तीन दिवसांच्या मुठी मोजून दाखवल्या असत्या, तर काकांना पटलं असतं. मला ते तेव्हाही कळत होतं. पण घोडी उन्हात झळकत होती, कप हातात होता, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि बाबूजी, मला फार छान वाटत होतं. मी गप्प राहिले.